अकरा बांगड्यांचा हात

वत्सलाबाईंच्या उजव्या हातात अकरा हिरव्या बांगड्या असत आणि डाव्या हातात एकही नसे. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटे, बाई घाईत विसरल्या असाव्यात. दुसऱ्या भेटीत वाटे, गाणाऱ्या बाईची ही काही लहर असेल. तिसऱ्या भेटीत कोणी ना कोणी विचारीच. तेव्हा बाई आपला उघडा डावा हात समोर धरत, लग्नात दूरच्या पाहुण्याची ओळख करून द्यावी तसा, आणि म्हणत, "ह्यो भावकीकडं राहिला." विचारणारा ओशाळा होई. बाई होत नसत. ओशाळणे हा प्रकार त्यांना कोणी शिकवलेलाच नव्हता.

सिडकोतल्या एन-सहामध्ये त्यांचे दोन खोल्यांचे घर होते आणि त्याच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत असे. महाविद्यालयात कविता शिकवून दुपारी परतले की जिन्यातच त्यांचा सूर पायांना लागे, उन्हातून आल्यावर थंड फरशी लागावी तसा. एके दिवशी धीर करून मी शिकायला गेले. तीन आठवडे त्यांनी मला एका षड्जावर बसवले. मग एका संध्याकाळी गवती चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "प्राध्यापकबाई, तुमच्याकडं गळा नाय. पण कान हाय. लोकांकडं गळा असतो अन् कान नसतो, त्यापरीस हे लई बरं. तंबोऱ्याला बसा."

मी तंबोऱ्याला बसले ती सोळा वर्षे बसले. त्यामुळे बाई मला आठवतात त्या बहुधा पाठमोऱ्या: मानेवरचा पांढरा अंबाडा, उन्हाळ्यात पोलक्याच्या काठाशी उतरणारी घामाची बारीक रेघ, आणि समेच्या आधी किंचित वर उचलला जाणारा तो उजवा हात. सम आली की हात मांडीवर पडे आणि अकराच्या अकरा बांगड्या एकदम बोलत. तबलजी बदलले, पेटीवाले बदलले. सम सांगायचे काम त्या बांगड्यांकडून कोणी काढून घेतले नाही.

कानांनी जगणारे माणूस होते ते. शेजारच्या कुकरची शिट्टी कोणत्या सुरात आहे हे त्या भाकरी थापताथापता सांगत. गल्लीतल्या भाजीवाल्याची हाक रोज पंचमावर येई, एकदा ती धैवतावर चढली, तर बाई खिडकीतून म्हणाल्या, "काय रे, घरी भांडून आलास व्हय?" तो गाडी थांबवून बघतच राहिला. खरोखरच भांडून आला होता. तंबोऱ्याच्या गवसणीला डांबरगोळ्यांचा वास येई, बाईंच्या लुगड्याला उदाचा, आणि दोन्ही वास एकत्र आले की मला आजही नकळत सूर लावून बसावेसे वाटते.

त्यांच्याकडे मुली शिकायला येत, कधी मुलींपेक्षा आयांनाच जास्त घाई असे. एक आई आली होती. मुलीला टीव्हीवरच्या स्पर्धेसाठी तीन महिन्यांत चार गाणी 'बसवून' हवी होती. बाई म्हणाल्या, "तीन महिने कशाला? मांडव एका दिवसात बसतो."

"मग द्याल ना बसवून?" त्या आईचा चेहरा उजळला.

"दुसऱ्या दिवशी काढत्यात बी," बाई म्हणाल्या आणि मुलीकडे वळल्या. "तू ये गं. एकटी ये."

ही मुलगी पुढे आठ वर्षे येत होती.

बाईंचे माहेर देवगाव रंगारीचे. घर शेतकऱ्याचे; गाणे घरात नव्हते, ते बाजारात होते. तिथे चाँदबी नावाची बांगडीवाली बसे. गावात लग्न निघाले, मग ते कोणाच्याही घरचे असो, की बांगड्या भरायला चाँदबी येई आणि येताना दुरडीबरोबर ढोलकही आणी. बायकांच्या हातांत चुडा चढवून झाला की ती ढोलक मांडीवर आडवा घेई, एका बाईला त्याच्या लाकडावर चमचा वाजवायला बसवी आणि गाऊ लागे. ती गाणी अर्धी मराठी, अर्धी दखनी असत; एका ओळीत दोन भाषा, एका दारातून दोन बहिणी बाहेर पडाव्यात तशा सहज निघत. आठ-नऊ वर्षांची वत्सला तो चमचा वाजवायला बसे.

या गाण्यांची एक रीत होती. प्रत्येक कडव्यात एका नावापुरती जागा मोकळी सोडलेली असे. ज्या घरी लग्न, त्या घरच्या माणसांची नावे त्या रिकाम्या जागेत एकेक करून बसवायची: नवरीची मामी, नवऱ्याची आत्या, कोपऱ्यात रुसून बसलेली थोरली जाऊ. नाव नेमके समेवर पडले पाहिजे. नाव आले की ती बाई लाजून पदर सावरी आणि घर हसे. लांबलचक नाव आले की बाकीच्या गाणाऱ्या अडखळत; चाँदबी अडखळत नसे. अन्नपूर्णाबाईसुद्धा तिने तेवढ्याच मात्रांत समेवर आणून ठेवली होती. "जो बैठता नै ऐसा नाम नै होता बेटा," ती वत्सलेला सांगे. "गानेवाली की साँस छोटी होती."

आणि गळा? तो तिने शिकवला बांगडी भरताना. बाई हे सांगत तेव्हा माझा हात हातात घेऊन सांगत. बोटांच्या पेरांवरून बांगडी सहज येते. अडते ती अंगठ्याच्या मुळाशी, जिथे हात सगळ्यांत रुंद असतो. तिथे चाँदबी हात चेपून, वळवून, लोण्यासारखा करून घेई आणि म्हणे, "जोर नक्को कर. हड्डी कू भूल जा. जोर करी तो काँच फूटती." मग एक क्षण असा येई की बांगडी अडलेली आहे आणि पुढच्याच क्षणी ती मनगटावर आहे, मधले कोणाला दिसत नसे. चाँदबीचा सूर वरून खाली येताना असाच एका अरुंद ठिकाणी थांबे, अंग चोरून घेई, आणि डोळा लवतो न लवतो तोच खाली मोकळा होऊन खणखणे. गवयांच्या भाषेत अशा वळणाला 'जागा' म्हणतात. ही जागा वत्सलेच्या गळ्यात गेली ती अशी, हातातून.

बाईंचे लग्न गंगापूरकडच्या एका वाडीत झाले आणि बाविसाव्या वर्षी नवरा गेला. दहाव्या दिवशी भावकीतल्या बायकांनी दगडावर त्यांच्या बांगड्या फोडल्या. त्याच दुपारी एसटीतून उतरून चाँदबी आली. कोणी बोलावले नव्हते. दुरडी ओसरीवर टेकवून ती वत्सलेसमोर बसली, तिचा उजवा हात मांडीवर घेतला आणि एकेक हिरवी बांगडी चढवू लागली. रडणाऱ्या बायकांना काय चालले आहे हे कळेपर्यंत अकरा झाल्या होत्या. मग एकच गलका झाला. थोरल्या जावेने धावत येऊन डावा हात धरला आणि जोरात मागे ओढला. दोन बायका, दोन हात, मध्ये वत्सला. चाँदबीने ओढाताण केली नाही. काच फुटली तर हाताला लागते हे तिला ठाऊक होते. ती उठली, दुरडी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "येक हात तुमारा, येक हात इसका. हिसाब बराबर." आणि आल्या वाटेने निघून गेली.

"उजवा मला मिळाला," बाई सांगत. "मंग त्या हातानं जेवले, त्याच हातानं सही केली, त्याच हातानं पेटी वाजिवली. डाव्याचं काय अडत नाय."

त्या शहरात आल्या, एका शाळेत संगीतशिक्षिका झाल्या आणि संध्याकाळी एका मोठ्या गवयांकडे शिकू लागल्या. त्यांना आम्ही सगळे नुसतेच गुरुजी म्हणत असू. गुरुजींचे घराणे मोठे, दरारा त्याहून मोठा. पहिल्याच महिन्यात ती जागा बाईंच्या गळ्यातून निसटली तेव्हा गुरुजींनी तबला थांबवला.

"हे कुठून आणलंस?"

"बांगडीवालीकडून, गुरुजी."

"इथे येताना असल्या गोष्टी बाहेर ठेवून यायच्या. चपलांजवळ."

"चपला ठेवल्यात गुरुजी," बाई म्हणाल्या. "गळा कसा ठिवू?"

गुरुजींनी त्यांना बाहेर जायला सांगितले. बाई बाहेर गेल्या, पण घरी गेल्या नाहीत. चपलांच्या शेजारी पायरीवर बसून त्यांनी आतल्या तंबोऱ्याच्या सुरात सूर मिळवला आणि तिथूनच रियाज सुरू केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अकरा दिवस विद्यार्थी त्यांना ओलांडून आत जात राहिले. बाराव्या दिवशी आतून आवाज आला, "आत ये. सूर रस्त्यावर सांडतोय."

त्या नऊ वर्षे शिकल्या. गुरुजींनी हातचे राखून काही ठेवले नाही, असे त्या नेहमी सांगत आणि सांगताना कानाच्या पाळीला हात लावत, जसा गुरूचे नाव घेताना लावायचा असतो. नवव्या वर्षी एका मैफलीत बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. गुरुजी उतरत्या तानेत एकाएकी थांबले, सूर अंग चोरून अरुंद झाला, आणि खाली येऊन मोकळा खणखणला. सभागृह 'वाहवा'ने भरून गेले. पुढे ती जागा गुरुजींची ओळखच झाली. त्यांनी सांगितले, ही माझ्या वडिलांकडून आली.

"गुरुजींनी उचलली याचं मला वाईट नाय वाटलं," बाई मला म्हणाल्या होत्या. "वस्तू चांगली व्हती म्हणून उचलली. गाणं असंच हिंडतं, या गळ्यातून त्या गळ्यात. पण धन्याचं नाव पुसून हिंडवायचं नसतं."

गुरुजी गेले. चाँदबी त्यांच्याही आधी गेली होती. तिचे छायाचित्र नव्हते, आवाज कुठे ध्वनिमुद्रित नव्हता. बाई एकदाच फार हळू बोलल्या, ते याविषयी. "माझ्या तोंडात तेवढं तिचं नाव उरलंय. मी गेले की तेबी गेलं. जगात एकदा तरी ते मोठ्यानं म्हणलं पाहिजे, चार लोकांत, जिथं गुरुजींचं म्हणत्यात तिथं."

ती वेळ आली तेव्हा बाई अडुसष्ट वर्षांच्या होत्या. एका मराठी वाहिनीवर रविवारी सकाळी संगीताचा कार्यक्रम लागे. दोन कलावंत समोरासमोर बसत, आपल्या गाण्यावर कोणाकोणाचे संस्कार झाले ते बोलत आणि गात. गुरुजींच्या स्मृतीनिमित्त एक भाग आमच्या शहरात होणार होता. पुण्याहून गुरुजींचे चिरंजीव श्रीधर येणार होते, जे आता नावाजलेले गायक होते. आणि त्यांच्यासोबत गुरुजींच्या जुन्या शिष्या म्हणून वत्सलाबाई. बाईंनी होकार दिला आणि पहिला फोन केला बजाजनगरला, रुख्सानाला. ही चाँदबीची नात. वाळूजच्या एका कारखान्यात माल बांधण्याचे काम करी आणि सुटीच्या दिवशी खोलीच्या दारात बांगड्यांचे स्टूल मांडी.

"तुझ्या दादीचं नाव टीव्हीवर घेणाराय," बाई फोनवर ओरडून सांगत होत्या. "शेजारणींना सांगून ठिव."

जालना रोडवरच्या एका मंगल कार्यालयात चित्रीकरण होते. आदल्या लग्नाच्या झेंडूचा शिळा वास आणि ताज्या रंगाचा वास एकमेकांत मिसळले होते. आवाज येतो म्हणून पंखे बंद. दिवे इतके प्रखर की तंबोऱ्याच्या भोपळ्याला हात लावला तर तो तापलेला लागे. मी नेहमीप्रमाणे बाईंच्या मागे. मात्र समोर कॅमेऱ्यातले दाखवणारा एक पडदा होता आणि त्यात मला बाईंचा चेहरा दिसत होता. सोळा वर्षांत गाताना तो मी पहिल्यांदा बघत होते. त्यांच्या भुवया गाण्याच्या आधी रागावल्यासारख्या जवळ येतात, हे मला ठाऊकच नव्हते.

ध्वनिमुद्रण करणारा तरुण नम्रपणे पुढे आला. "बाई, बांगड्या काढता का? माइकमध्ये येतात."

"एकदा काढल्या व्हत्या लोकांनी," बाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा नाय निघत."

त्याला काही कळले नसावे. पण आवाजातले काहीतरी कळले. त्याने माइक वीतभर सरकवला.

गप्पा सुरू झाल्या. श्रीधर फार सुरेख बोलत होते. वडिलांची शिस्त, पहाटेचा रियाज. "आणि आमच्या घराण्याची ओळख म्हणजे ही जागा," असे म्हणून त्यांनी ती गाऊन दाखवली, आणि खरोखर तबियतीने दाखवली. "बाबांना ती आजोबांकडून मिळाली. ताई, तुम्ही तर साक्षीदार आहात."

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांनी डोळे उघडले. "श्रीधर, गोड लागली रे. साक्षीदार मी हायेच. म्हणून सांगते." त्यांचा हात कानाशी गेला. "ही देवगाव रंगारीच्या चाँदबीची जागा. ती बांगड्या भरायची. तिनं मला दिली, माझ्याकडून गुरुजींकडं गेली." हात पुन्हा कानाशी गेला. "गुरुजींनी मला सगळं दिलं. ही एक वस्तू तेवढी मी त्यांना दिली."

निवेदिकेने हातातल्या कागदाकडे पाहिले. कागदावर हे नव्हते. श्रीधरांचा चेहरा लाल झाला. चित्रीकरण थांबले आणि निर्माता लगबगीने आला; तिशीतला, गोड बोलणारा.

"बाई, अप्रतिम बोललात. पण हा भाग आपण परत घेऊ. गुरुजींच्या स्मृतीचा कार्यक्रम आहे, उगाच वाद झाल्यासारखं दिसेल. 'लोकसंगीताचाही थोडा प्रभाव आहे' असं मोघम म्हणा ना."

"मोघम म्हंजी?"

"म्हणजे… नाव न घेता."

"नाव न घेताच तिनं जन्मभर लोकांचे हात भरले," बाई म्हणाल्या. "आता एकदा घिऊन बघू."

पुन्हा घेतले. बाईंनी तेच सांगितले. तिसऱ्यांदा घेतले. तिसऱ्यांदा तर चाँदबीच्या नवऱ्याचे आणि ढोलकाचेही नाव आले. निर्मात्याने हसून हात जोडले.

"असू द्या, बाई. एडिटमध्ये बघतो."

"म्हंजी कापणार."

"वेळ कमी असतो हो. बोलणं कमीजास्त करावंच लागतं."

"अन् गाणं?"

"गाण्याला आम्ही कधीच कात्री लावत नाही. गाणं अखंड जातं. तेवढा आमच्या कार्यक्रमाचा नियम आहे."

"अखंड?"

"अगदी अखंड."

बाईंनी पदर खांद्यावर सारखा केला. मग मागे वळल्या. इतक्या वर्षांत मंचावर बसल्यावर त्या कधी मागे वळल्या नव्हत्या. "पंचम सोडा," मला म्हणाल्या. "मध्यमाला लावा." आणि तबलजीला, "केरवा. ढोलकासारखा वाजव. लाजू नको, हितं कुणी तुझं सोयरं नाय."

ठरलेली होती गुरुजींची एक बंदिश. माझा हात तंबोऱ्याच्या खुंटीवर थबकला. पण माझ्याकडे कान आहे, असे मला सांगितलेले होते. मी मध्यम लावला.

बाईंनी उजवा हात उचलला.

"काँच में हिरवा रंग ये, कौन लेको आई गे?"

आवाज साठीच्या पलीकडचा, कडा थोड्या खरबरीत, मातीच्या माठासारखा. एकदा विचारले. दुसऱ्यांदा विचारले. दुसऱ्यांदा 'कौन' इतके लांबवले की हॉलमध्ये बसलेली दिवेवाली माणसेसुद्धा मान वर करून उत्तराची वाट बघू लागली. आणि हात खाली आला.

"देवगाव की चाँदबी लेको आई गे."

सम. अकरा बांगड्या. नाव नेमके त्या घावावर.

निर्माता आधी हसला. त्याला ते लोकगीत वाटले, आणि ते होतेच. दुसऱ्या कडव्यात पुन्हा तेच नाव, तिसऱ्यात पुन्हा. एका लग्नात जिथे पन्नास नावे बसत, त्या मोकळ्या जागेत बाई एकच नाव बसवत होत्या, दर वेळी वेगळ्या वाटेने आणून. चौथ्यांदा त्या वर गेल्या, थांबल्या, पडद्यावरच्या भुवया जवळ आल्या, सूर अंगठ्याच्या मुळाशी अडला, अंग चोरून वळला, आणि चाँदबी या तीन अक्षरांवर, बरोबर समेला, खाली येऊन खणखणला. ज्या जागेवरून एवढा वाद, ती जागा आणि तिच्या धनिणीचे नाव एकाच श्वासात, एकाच मात्रेवर. आता एकाला कात्री लावायची तर दुसरे कापले जाणार होते, आणि त्या दोघांना कापायचे तर ताल लंगडा होणार होता.

तबलजीच्या तोंडून "हाय!" निघाले. तेही मुद्रित झाले.

गाणे संपले तेव्हा श्रीधर खाली बघत होते. कॅमेरे बंद झाल्यावर ते बाईंच्या जवळ येऊन बसले. "ताई, बाबांनी मला कधी असं सांगितलं नाही."

"तुला कसं सांगतील बाळा," बाई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज मऊ होता. "आधी त्यांनी स्वतःला सांगायला पाहिजे व्हतं."

 उठताना श्रीधरांचा हात कानाशी गेला. कोणासाठी, ते त्यांनाच ठाऊक.

कार्यक्रम लागला त्या रविवारी आम्ही दोघी बजाजनगरला गेलो. रुख्सानाची खोली एवढीशी. पण शेजारच्या सात-आठ बायका दाटीने बसल्या होत्या. दाराशी बांगड्यांचे स्टूल, आणि त्यावर ऊन पडून भिंतीवर हिरवे-लाल ठिपके थरथरत होते. पडद्यावर श्रीधर बोलले, त्यांनी ती जागा गाऊन दाखवली. मग बाई दिसल्या. त्यांचा हात कानाशी गेला, आणि लगेच त्यांचा आवाज आला, "गुरुजींनी मला सगळं दिलं." मधले नाव नव्हते. हात चाँदबीसाठी उचललेला होता आणि तो गुरुजींच्या नावाला जोडला होता, इतक्या सफाईने की शिवण दिसू नये.

 शेजारणी रुख्सानाकडे बघेनात.

"दादी का नाम नै आया, बाई," रुख्साना म्हणाली.

"गप. चहा गार व्हतोय तुझा."

मग गाणे लागले. पहिल्यांदा नाव आले तेव्हा रुख्सानाने चमकून बाईंकडे पाहिले. दुसऱ्यांदा आले तेव्हा ती उठली आणि तिने टीव्हीचा आवाज वाढवला. तिसऱ्यांदा आले तेव्हा आणखी वाढवला, आवाज आणखी वाढेना इतका. फळीवरच्या स्टीलच्या ताटल्या थरथरू लागल्या. चौथ्यांदा ती जागा आली तेव्हा दारासमोरच्या गल्लीत कोणीतरी सायकल थांबवून आत डोकावले. चाँदबी, देवगावची, बांगडीवाली, तिच्या नातीच्या खोलीतून साऱ्या गल्लीभर ऐकू येत होती.

त्याच दिवशी मला लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला जावे लागले आणि पंधरवड्यातच बाई गेल्या. मी पोचेपर्यंत सगळे उरकले होते. रुख्साना शेवटपर्यंत तिथे होती. ती सांगते, तो उजवा हात तसाच गेला, बांगड्या काढायला पुढे व्हायची कोणाची छाती झाली नाही. म्हणून माझ्यापुरत्या बाई त्या रविवारच्या दुपारीच थांबलेल्या आहेत, बजाजनगरच्या त्या दारात.

शेजारणी पांगल्या होत्या. मला पुण्याची बस गाठायची होती, बाई म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं, मी येते सावकाश." त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, माझ्याकडे तोंड करून. एक बांगडी तडकली होती, ती बदलायला रुख्सानाने त्यांचा उजवा हात मांडीवर घेतला होता आणि अंगठ्याच्या मुळाशी चेपत, वळवत ती बांगडी पुढे सरकवत होती. ते करताकरता रुख्साना गुणगुणू लागली. तिला गाणे येत नव्हते, ती कधी शिकली नव्हती. पण बांगडी अडली तिथे तिचा सूरही अडला.

"काँच में हिरवा रंग ये, कौन लेको आई गे? देवगाव की वत्सला…"

बाईंनी हात तसाच ठेवून मान वर केली. "नाय. माझं नाव तिथं बसत नाय."

ज्या बाईने अन्नपूर्णाबाई समेवर बसलेली ऐकली होती, जिला शिकवलेच होते की बसत नाही असे नाव नसते, ती बाई हे बोलत होती, भुवया जवळ आणून, अगदी ठामपणे.

"पर बाई—"

"बसत नाय म्हणले ना. तिचंच बसतंय. पुन्यांदा म्हण."

मी बसस्टॉपकडे वळले. मागून पुन्हा ती ओळ आली, चुकली, मग अकरा बांगड्या मांडीवर पडल्याचा आवाज आला आणि त्यामागोमाग बाईंचा:

"नाय. परत."